विरघळणारा दोरा

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मराठीतच सांगायची होती, कारण ती सुरू झाली आपल्या इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात.

दिवाळीच्या सुट्टीत ओळखीच्यांच्या शेडमध्ये उभा होतो. धोटा उडाला आणि माझा दंड फाटला. डॉक्टरांनी आतून-बाहेरून टाके घातले. बाहेरचे नंतर काढले. आतले काढायचे नाहीत, आपोआप विरघळतात, असं म्हणाले. सुताच्या गावात वाढलो, पण विरघळणारा दोरा मला नवीनच होता! त्याचा शोध घेताना जोसेफ लिस्टर भेटले.

लिस्टर यांचा जन्म 5 एप्रिल 1827 रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील व्यापारी, पण त्यांना नाद सूक्ष्मदर्शकाचा. तोच मुलाला लागला. 1860 मध्ये लिस्टर ग्लासगोला सर्जरीचे प्राध्यापक झाले. त्या काळी ऑपरेशन नीट व्हायचं, पण जखम सडून पेशंट दगावायचा. पाश्चर यांचं संशोधन वाचून लिस्टर यांनी ताडलं, की हे जंतूंचं काम आहे. ऑगस्ट 1865 मध्ये गाडीखाली पाय मोडलेल्या 11 वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. पाय वाचला. 1867 मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला. तिचं ऑपरेशन त्यांनी स्वतः, राहत्या घरी केलं. चुकलं असतं तर? पण जखम न सडता भरली आणि तिला आणखी सुमारे तीन वर्षं मिळाली. आधी त्यांच्या वॉर्डात हात-पाय कापलेल्या 35 पैकी 16 जण दगावले होते. नंतर 40 पैकी 6.

तरी एक अडचण उरली. रक्तवाहिनी रेशमी दोऱ्यानं बांधत आणि दोऱ्याची टोकं जखमेबाहेर लोंबती ठेवत. त्याच वाटेनं जंतू आत शिरायचे. लिस्टर यांनी मेंढीच्या आतड्याची तात घेतली. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते ना, तसलीच. ती कार्बोलिकमध्ये मुरवली आणि 1868 च्या अखेरीस एका वासराच्या मानेतली रक्तवाहिनी तिनं बांधून जखम बंद केली. महिन्याभरानं पाहिलं तर तातीच्या जागी जिवंत ऊती तयार झाली होती!

तात म्हणजे मुख्यतः कोलॅजेन, आपल्या कातडीत असतं तेच प्रथिन, एक नैसर्गिक पॉलिमर. शरीरातली एन्झाइम्स ते तोडतात. तात फार लवकर विरघळते म्हणून लिस्टर यांनी पुढे तिच्यावर क्रोमिक ॲसिडची प्रक्रिया केली. म्हणजे जखम भरेपर्यंत दोरा टिकला पाहिजे आणि मग निघून गेला पाहिजे, हे डिझाइनच झालं की! आज विरघळणारे बरेच टाके कृत्रिम पॉलिमरचे असतात. जखमेच्या पट्ट्या कोलॅजेनच्या, कोळंबीच्या टरफलापासून बनवलेल्या कायटोसानच्या किंवा समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटच्याही बनतात. पण हिशोब तोच.

मला सर्वांत भावली ती 1890 ची गोष्ट. ऑपरेशनच्या वेळी हवेत कार्बोलिक फवारण्याची पद्धत त्यांचीच. तिची गरज नव्हती, हे त्यांनी भर परिषदेत कबूल केलं. तेव्हा ते जगप्रसिद्ध होते, गप्प बसले असते तरी चाललं असतं. आम्ही प्रॅक्टिकलचं एक रीडिंग चुकलं तरी खोडून जुळवून घेतो.

10 फेब्रुवारी 1912 रोजी ते वारले. माझ्या दंडावर आता फक्त एक पांढरी रेघ उरली आहे. आतला दोरा कधी गेला, मला कळलंसुद्धा नाही.