कॉम्प्युटर नव्हता तेव्हाचा मराठी ‘डाटाबेस’ : अमरावतीत शिकलेले ज्ञानकोशकार केतकर

जठारपेठ (अकोला) : जठारपेठेत बसून आज कोणीही मोबाईलवर गावाकडच्या वावराचा सातबारा पाहू शकतो. जिल्हा, तालुका, गाव निवडलं, गट नंबर टाकला की लाखो नोंदींतून नेमकी आपली नोंद समोर येते. स्क्रीनवर दिसतो तो फक्त दर्शनी भाग. खरं काम करतो त्यामागचा डाटाबेस. डाटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. पण नुसतं भरलेलं नाही, तर हवं ते लगेच सापडेल असं लावून ठेवलेलं. कॉम्प्युटर नसताना असं कोठार मराठीत उभं केलं डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ चा, रायपूरचा. शाळा झाली अमरावतीत, पुढे मुंबईचं विल्सन कॉलेज. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये पीएच.डी. घेतली आणि १९१२ मध्ये मायदेशी परतले.

तेव्हा जगाची माहिती हवी तर इंग्रजी ग्रंथच धुंडाळावे लागत. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला हा दरवाजा बंदच. तो उघडायचं केतकरांनी मनावर घेतलं. पैसा उभा करण्यासाठी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली. शेअर विकले, वर्गणीदार जमवले. पुढे हे काम पुण्याहून चाललं. यशवंत दाते, चिंतामण कर्वे यांच्यासारखे सहकारी मिळाले. १९२९ पर्यंत ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड पूर्ण झाले.

सूचीखंडाची कमाल

पहिले पाच खंड प्रस्तावनेचे. सहा ते एकवीस या खंडांत विषय अक्षरांच्या क्रमानं लावले. बाविसावा खंड फक्त सूचीचा, म्हणजे कोणती माहिती कुठं आहे ते सांगणारा. तेविसावा हिंदुस्थानावरचा पुरवणी खंड.

डाटाबेसमध्येही अशीच सूची असते. तिला इंडेक्स म्हणतात. ती नसेल तर एका गट नंबरासाठी पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं चाळावं लागेल. बँकेचं ॲप असो, रेल्वेचं तिकीट असो की गॅसची नोंदणी, झटपट उत्तर मिळतं ते या मांडणीमुळे.

फरकही आहे. छापलेला खंड एकदा छापला की छापला. डाटाबेसमधली नोंद बदलता येते. फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर नवं नाव चढतं. एकच नोंद एकाच वेळी अनेकांना पाहता येते. पण नोंदच चुकीची चढली असेल, तर ॲप चुकीचंच दाखवणार. यंत्र शोधून देतं. खरं-खोटं माणसालाच तपासावं लागतं. म्हणून सातबारा, आठ-अ अधूनमधून पाहावा आणि चूक दिसली की तलाठ्याकडे दुरुस्तीसाठी अर्ज द्यावा.

केतकरांनी ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्याही लिहिल्या. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात, अवघ्या ५३ व्या वर्षी ते गेले. त्यांचा ज्ञानकोश मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं इंटरनेटवर आणला. अमरावतीच्या शाळेत शिकलेल्या माणसानं जमवलेली माहिती आता वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात, हातातल्या मोबाईलवर उघडते.