आद्याचार्य श्रीनागदेव आणि धर्मवार्तेचा अधिकार

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे उत्तरापंथे गमन झाले तेव्हा मागे राहिलेल्या परिवारापाशी मठ नव्हता, लिहिलेला ग्रंथ नव्हता, आणि राजाश्रय तर नव्हताच; राजदरबारातील बलवान मंडळी उलट विरोधातच होती. काही भिक्षुक, काही वासनिक, पुष्कळशा विधवा बाया आणि प्रत्येकाच्या कानात साठलेली स्वामींची वचने, एवढेच धन होते. या विखुरलेल्या परिवाराला एकत्र ठेवण्याचा भार ज्यांच्यावर आला ते श्रीनागदेवाचार्य. परिवारात त्यांना भटोबास म्हणत.

नागदेव मार्गात आले ते एकटे आले नाहीत. चुलत बहीण महदाइसा, आई आबाइसा, बहीण उमाइसा ही सर्व घरची माणसे. रामदेव दादोसांच्या संबंधाने ही मंडळी स्वामींपर्यंत पोहोचली. पुढे आचार्यांनी स्त्रियांच्या अधिकाराविषयी जो आग्रह धरला त्याचे मूळ येथेही शोधावे लागते. स्त्रिया धर्म विचारतात म्हणजे काय, हे त्यांनी प्रथम आपल्याच घरात पाहिले होते. महदाइसेने स्वामींना विचारलेल्या प्रश्नांमुळे कितीतरी निरूपण उपलब्ध झाले. शंका आली की ती सोडीत नसे. आचार्य तिचे कौतुक करीत, ते तिच्या या चिकित्सक बुद्धीसाठीच.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. देवगिरीच्या यादवांच्या राज्यात एकच भाषा नांदत नव्हती. त्यांचे शिलालेख संस्कृतात आहेत, कानडीत आहेत आणि मराठीतही आहेत. परंतु धर्माची भाषा एकच, आणि ती शिकण्याचा अधिकार मोजक्यांना. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने व्रते, दाने, श्राद्धे यांचा प्रचंड संग्रह संस्कृतात सिद्ध केला. ज्या स्त्रिया ही व्रते आयुष्यभर करीत त्यांना तो ग्रंथ वाचता येत नव्हता. स्त्रीशूद्रांनी धर्म आचरावा, तो जाणू नये, अशी ही व्यवस्था होती.

स्वामींनी ही व्यवस्था मानली नाही. स्त्रियांना त्यांनी संन्यास दिला; रजोदर्शनाचा विटाळ शरीराच्या इतर मलांहून वेगळा नाही असे सांगून त्यांच्या मनातील भीती काढली; भिक्षा चारही वर्णांच्या दारी करावी असे सांगितले. आणि हे सर्व मराठीत. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. स्वामींचे पूर्ववृत्त गुर्जर देशीचे, भडोचचे. मराठी ही त्यांची जन्माने मिळालेली भाषा नव्हे, त्यांनी ती स्वीकारली. रामयात्रेच्या निमित्ताने निघून ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंपाशी आले, आणि पुढे साधकांना महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा करण्याइतके या भूमीचे झाले. भाषा कोणाची, याचे उत्तर आचार्यांना येथून मिळाले असावे.

स्वामींच्या वियोगाने नागदेव विकळ झाले होते. आज्ञेप्रमाणे ते ऋद्धिपुरास श्रीप्रभूंच्या सेवेत गेले आणि त्यांच्या निर्याणापर्यंत राहिले. ऋद्धिपुरात त्यांच्यापुढे आणखी एक पाठ होता. श्रीप्रभू मातंगांच्या घरी जात आणि तेथून दीक्षितांच्याही घरी जात. गावाला हे मानवत नसे. वेड्याची क्रीडा म्हणून लोक सोडून देत. परंतु सेवेत असणाऱ्यांना तसे सोडून देता येत नव्हते, त्यांना त्याचा अर्थ लावावा लागे. परिवारातील बरीच मंडळी जन्माने ब्राह्मण होती, हे लपविण्याचे कारण नाही. उच्चनीच भाव विसरणे हे त्यांना एका दिवसात साधलेले नाही. ती साधनाच होती.

श्रीप्रभूंच्या पश्चात आचार्यांची कसोटी लागली ती विद्वानांपुढे. मार्गात आता मोठे पंडित येऊ लागले होते. सराळ्याचे म्हाइंभट, केशिराज, पंडित दामोदर हे सर्व शास्त्रात मुरलेले. केशिराज आणि दामोदर पंडित आचार्यांना संस्कृतातून प्रश्न करू लागले. आचार्यांनी त्यांना थांबविले. तुमची ही भाषा आपल्याला कळत नाही, स्वामींनी आपल्याला मराठीत निरूपण केले, तेव्हा विचारायचे ते मराठीतच विचारावे, असा त्यांचा अभिप्राय होता. हे वाचून कोणी म्हणेल की आचार्यांना संस्कृताचा द्वेष होता. तसे नाही. केशिराजांचे संस्कृत रत्नमालास्तोत्र पंथात आदराने पठण होत आले आहे. पण केशिराज स्वामींचे निरूपण संस्कृतात बांधू लागले तेव्हा आचार्यांनी त्यांना अडविले आणि कारणही स्पष्ट सांगितले, की त्याने परिवारातील म्हाताऱ्या नागवल्या जातील.

नागविणे हा शब्द लुटण्याचा आहे. आचार्यांनी म्हाताऱ्यांवर दया करावी म्हणून विनंती केली नाही. स्वामींनी जे त्यांच्या हाती दिले ते काढून घेणे ही चोरी होय, असा तो निवाडा होता. केशिराजांनी तो मानला, यातच त्यांचे मोठेपण. त्यांनी स्वामींची वचने मराठीतच निवडून मांडली, आणि आज आपण सूत्रपाठ म्हणतो तो सिद्ध झाला.

त्याच वृत्तीने लीळांचा संग्रहही झाला. म्हाइंभट ज्याने जे पाहिले त्याच्यापाशी जात, ऐकत, आणि आचार्यांकडून शोधून घेत. दोघांच्या आठवणीत भेद पडला तर वासना म्हणून दोन्ही ठेवल्या, आणि सांगणाऱ्याचे नाव ठेवले. त्यात बायांची नावे आहेत. स्मरणाच्या प्रामाण्याला जात किंवा लिंग आडवे आले नाही. ज्ञानेश्वरी झाली ती शके १२१२ मध्ये. हे काम त्यापूर्वीच सुरू झाले होते.

कवी नरेंद्र रुक्मिणीस्वयंवर घेऊन आचार्यांकडे आले, रामदेवराव यादवाने देऊ केलेले धन नाकारून. त्यांचेही या परिवारात स्वागत झाले. मात्र राजसभेतील कवीला म्हाताऱ्यांहून वेगळे आसन मिळाले असे कोठे दिसत नाही.

आचार्यांनंतर पंथाने सकळ लिपी स्वीकारली. परचक्राचा काळ, ग्रंथ भ्रष्ट होण्याची भीती, ही कारणे खरी आहेत. पण भाषा उघडी ठेवून लिपीचे दार लावल्याने पुढील कित्येक शतके बाहेरच्या समाजाने आपल्याविषयी भलतेसलते ग्रह करून घेतले, आणि आपणही ते सोसत राहिलो. विसाव्या शतकाच्या आरंभी पंथातील महंतांच्या साह्याने राजवाडे, भावे आदी संशोधकांना ती लिपी वाचता आली, तेव्हा कोठे ते ग्रह विरू लागले.

लिहून ठेवलेले लीळाचरित्र पुढे खालशाच्या धाडीत गेले. तेव्हा ते पुन्हा उभे करावे लागले ते ज्यांना पाठ होते त्यांच्या स्मरणावरून. त्यांत दामोदर पंडितांची पत्नी हिराइसा होती. संस्कृतात पारंगत असा पती जिच्या घरी, तिच्या मराठी स्मरणातून पंथाला त्याचा ग्रंथ परत मिळाला. तो पाठ हिराइसेच्या नावानेच ओळखला जातो.