संत सोहिरोबानाथ आंबिये

ओरोसहून गोव्याच्या बाजूस जाणाऱ्या राजमार्गानें निघालें म्हणजे सावंतवाडीनंतर इन्सुली व पुढें तेरेखोल नदीच्या तीरावरील बांदा हें गांव लागतें. आज या रस्त्यावर मोटारींची अखंड रहदारी असते. परंतु पावणेतीनशें वर्षांपूर्वीं येथें दाट रान होतें. याच वाटेवर बांद्याच्या एका कुलकर्ण्यास आपली खरी ओळख पटली. पुढें ते संत सोहिरोबानाथ आंबिये या नांवानें प्रसिद्ध झाले.

सोहिरोबांचा जन्म इ. स. 1714 मध्यें बांदा येथें झाला. सावंतवाडी संस्थानांत ते बांद्याचें कुलकर्ण पाहत. कुलकर्ण्यानें गांवच्या जमिनीचा हिशेब ठेवावा, कोणाकडून किती वसूल आला व कोणाकडे किती बाकी राहिली हें लिहावें, आणि वरून बोलावणें येतांच दप्तर घेऊन हजर व्हावें. हें काम मानाचें होतें व घर सुखानें चालविणारें होतें. परंतु ते दिवसरात्र दुसऱ्यांचीं खातीं लिहिण्याचें होतें. स्वतःच्या अंतःकरणाचें खातें पाहण्यास त्यांत सवड कोठली?

वयाच्या पस्तिशीच्या सुमारास त्यांस सावंतवाडीहून तांतडीचें बोलावणें आलें. परंपरा अशी सांगते कीं, इन्सुलीच्या रानांत मेवडें या ठिकाणीं ते विसाव्यासाठीं थांबले. शिदोरीदाखल बरोबर फणस होता, तो त्यांनीं फोडला. इतक्यांत एक तेजस्वी साधु पुढें येऊन उभा राहिला व त्यानें कांहीं खावयास मागितलें. सोहिरोबांनीं गरे त्याच्या हातीं ठेवले. त्या साधूनें उपदेश करून त्यांच्या मस्तकीं हात ठेविला. ते गहिनीनाथ होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

या कथेंतील एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. हा प्रसंग कचेरीच्या गडबडींत घडला नाहीं, बाजारांतही नाहीं. तो निर्जन रानांत घडला. दरबारच्या बोलावण्याची धास्ती क्षणभर बाजूस राहिली, तेव्हांच त्यांस दुसरी हांक ऐकूं आली. आपण कोणाचे चाकर आहों, हा प्रश्न त्या शांततेंत त्यांच्यापुढें उभा राहिला आणि मग तो टाळतां येईना.

सोहिरोबांनीं कुलकर्ण सोडलें. हा निश्चय सोपा नव्हता. हातचें उत्पन्न सोडणें म्हणजे घरच्या माणसांची काळजी आणि गांवच्या लोकांचे बोल, दोन्ही पदरीं घेणें होय. परंतु ते लगेच देशोधडीस गेले नाहींत. बांद्यासच राहून त्यांनीं चिंतन केलें व त्या चिंतनाचें फळ लोकांच्या हातीं दिलें. सिद्धांतसंहिता, महदनुभवेश्वरी, पूर्णाक्षरी, अद्वयानंद व अक्षयबोध हे त्यांचे ग्रंथ होत. त्यांचीं पदें कोंकणांत व गोव्यांत आजही भजनांत गाइलीं जातात.

उतारवयांत ते उत्तर हिंदुस्थानांत गेले. तेथें महादजी शिंदे यांचे सेनापति जिवबादादा बक्षी हे गोव्याकडचेच. त्यांच्यामुळें महादजींशीं भेट झाली, असें सांगतात. महादजी स्वतः कविता करीत. त्यांनीं आपली रचना साधूपुढें ठेविली व प्रशंसेची अपेक्षा केली. सोहिरोबांनीं स्तुति केली नाहीं. राजवैभवाची आपणांस गरज नाहीं, असें त्यांनीं निर्भयपणें ऐकविलें. एकेकाळीं वाडीच्या बोलावण्यानें लगबगीनें निघालेला कुलकर्णी तो हाच! रानांतील एकांतानें त्यांस काय दिलें, याची खरी परीक्षा या भरदरबारांत झाली. इ. स. 1792 मध्यें उज्जयिनी येथें ते मठांतून निघून गेले व पुन्हां कोणास दिसले नाहींत, अशी आख्यायिका आहे. पेडणें तालुक्यांत विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयास त्यांचें नांव दिलेलें आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रावरून घर सोडून रानांत जावें असा बोध कोणीं घेऊं नये. एकांत म्हणजे माणसांचा कंटाळा नव्हे, आणि आळसानें एकटें बसणें हाही एकांत नव्हे. निजण्यापूर्वीं पाव घटका शांत बसून आज आपण काय केलें व कोणाच्या भीतीनें किंवा कोणाच्या स्तुतीसाठीं केलें, एवढें प्रामाणिकपणें पाहणें हा आपणां सर्वांस साधण्याजोगा एकांत आहे. पालकांसही एक विनंति आहे. मूल कधीं ओटीवर उगाच स्वस्थ बसलेलें दिसलें, तर त्यास लगेच कामास लावूं नये. कदाचित् तें त्या वेळीं स्वतःचा हिशेब तपाशीत असेल.