मुळांच्या गाठींतील जिवाणूचे शोधक : मार्टिनस बायेरिंक

तूर, हरभरा किंवा सोयाबीन पेरण्यापूर्वी बियाण्यास रायझोबियम जिवाणू संवर्धक चोळण्याची पद्धत आज देशात सर्वपरिचित आहे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम, हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण. हा जिवाणू मुळांच्या गाठींतून प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा केला तो डच शास्त्रज्ञ मार्टिनस विलेम बायेरिंक यांनी.

बायेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी ॲम्स्टरडॅम येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाल्याने बालपण ओढग्रस्तीत गेले. डेल्फ्ट येथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी १८७७ मध्ये लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. काही वर्षे अध्यापन केल्यानंतर १८८५ मध्ये ते डेल्फ्ट येथील यीस्ट व मद्यार्काच्या कारखान्यात जिवाणूशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले.

मुळांवर गाठी असलेली कडधान्ये हवेतील नत्र वापरतात, हे जर्मनीच्या हर्मान हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये जाहीर केले होते. बायेरिंक यांनी पाल्याचा काढा मिसळलेल्या जिलेटिनवर गाठींतील जिवाणू वाढवून १८८८ मध्ये तो जगापुढे मांडला. मात्र मुळाबाहेर वाढवलेला हा जिवाणू हवेतील नत्र बांधतो, याचा खात्रीलायक पुरावा त्यांच्या हाती लागला नाही.

१८९५ मध्ये ते डेल्फ्ट येथेच प्राध्यापक झाले. तंबाखूच्या पानांवरील रोगाचे कारण जिवाणूहून निराळे आहे, हे त्यांनी १८९८ मध्ये दाखवले; विषाणूशास्त्राचा पाया त्यातूनच घातला गेला. १९०१ मध्ये त्यांनी मातीत स्वतंत्रपणे नत्र बांधणाऱ्या ॲझोटोबॅक्टरचे वर्णन केले. अविवाहित, एकांतप्रिय आणि विद्यार्थ्यांशी कठोर वागणारे बायेरिंक १९२१ मध्ये निवृत्त झाले. १ जानेवारी १९३१ रोजी खोर्सेल येथे त्यांचे निधन झाले.

त्यांना न सुटलेल्या कोड्याचे उत्तर पुढे जनुकांच्या नियमनात सापडले. मुळांतून पाझरणारी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये जिवाणूतील गाठ घडवणारी जनुके जागी करतात. त्यानंतर जिवाणूने सोडलेल्या रासायनिक संकेताने मूलरोम वळतो आणि गाठ आकार घेते. नत्र बांधणारी जनुके मात्र प्राणवायू अत्यल्प असतानाच कार्यरत होतात. गाठीतील लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन प्राणवायूची पातळी तेवढी कमी राखते. प्रयोगशाळेतील मोकळ्या हवेत ती जनुके निद्रिस्तच राहत. १९७५ मध्ये प्राणवायू कमी ठेवून काही वाणांकडून मुळाबाहेरही नत्र बांधून घेण्यात यश आले.

गाठ चिरल्यावर आत दिसणारा गुलाबी रंग याच प्रथिनाचा असतो. जिवाणू कामाला लागल्याची ती खूण शेतकऱ्यालाही शेतात उभ्या उभ्या पाहता येते.