पंडिता रमाबाईंच्या रात्री

आमच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवर पावसाळ्याची रात्र फार लांब असते. घरांत तापानें फणफणलेलें माणूस, डोक्यावर देणें आणि ओढ्याला पूर आल्यामुळें दवाखान्याची वाट बंद. मग डोळ्याला डोळा लागत नाहीं. अशा वेळीं कित्येक ख्रिस्ती बंधुभगिनींस आणखी एक कांटा टोंचत असतो. आपण बाप्तिस्मा घेतला, उपासना चुकवीत नाहीं, तरी अंधार पडतांच जीव घाबरा होतो. त्या अर्थीं आपला विश्वास खोटा असावा, असें त्यांस वाटतें. आमच्या उपदेशक बंधूंस हें गाऱ्हाणें पुष्कळदां ऐकावें लागतें. म्हणून पंडिता रमाबाईंच्या चरित्रांतील कांहीं रात्री आम्ही येथें सांगतों.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें व आईनें तें लेकीस शिकविलें. पुराणें सांगत हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरे. पुढें दुष्काळ पडला आणि कांहीं महिन्यांच्या अंतरानें वडील, आई व थोरली बहीण गेलीं. उरलीं रमाबाई व भाऊ श्रीनिवास. दोघें पायीं पायीं उत्तरेस गेलीं. झेलम नदीच्या कांठीं थंडीनें अंग गोठूं लागलें आणि जवळ पांघरूण नव्हतें, तेव्हां त्यांनीं वाळूंत थडग्यासारखे खड्डे खणले, त्यांत निजून मानेपर्यंत वाळू ओढून घेतली व रात्र काढली. मूर्तींवरील त्यांचा विश्वास तोंवर ढळत चालला होता. हांक मारावी तर कोणाला, हें कळत नव्हतें.

सन १८७८ सालीं कलकत्त्यास त्यांच्या विद्येचा मोठा गौरव झाला. सन १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिन बिहारी मेधावी यांच्याशीं विवाह केला. सन १८८२ सालीं तेही गेले. पदरीं लहानगी मनोरमा होती. तिला घेऊन रमाबाई सन १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आतां सर्व भय सरलें असेल असें कोणास वाटेल. पण त्याच वर्षीं, हिंदुस्थानांतून त्यांच्याबरोबर गेलेल्या मैत्रिणीनें मनाच्या व्यथेंत स्वतःचा जीव दिला. त्या धक्क्यानें रमाबाई अगदीं खचल्या. ऑक्सफर्ड येथें संस्कृतचे पंडित माक्स म्युलर यांच्या घरीं त्या राहिल्या असतां त्यांना रात्रीं एकटें निजवेना. घरांतील एका दासीस रोज त्यांच्याजवळ झोंपावें लागे. बाईंची थोरवी गातांना ही गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. आम्हांस ती झांकण्याचें कांहीं कारण दिसत नाहीं. विदुषी असो कीं शेतमजूर, भ्यालेल्या माणसास सोबत लागते. आणि त्याच्याजवळ जाऊन निजणें ही कांहीं लहान सेवा नव्हे. त्या दासीचें नांव कोणी लिहून ठेविलें नाहीं, पण तिच्याविषयीं आम्हांस आदर वाटतो.

पुढें त्या अमेरिकेस गेल्या, परत आल्या, आणि सन १८८९ सालीं मुंबईंत विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. कामाचा व्याप वाढला, पण अंतःकरण स्वस्थ नव्हतें. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांना कळून आलें कीं, ख्रिस्ती धर्म आपण पत्करला, परंतु ख्रिस्ताच्या स्वाधीन आपण झालों नाहीं. तेव्हां विद्या, सत्कर्में व कीर्ति हें सर्व बाजूस ठेवून, एक पापी स्त्री म्हणून त्या प्रभूच्या पायांशीं गेल्या, आणि शांति मिळाली ती तेथें. बाप्तिस्मा आणि ही शांति यांमध्यें आठ वर्षें गेलीं, हें उपदेशक बंधूंनीं ध्यानांत ठेवावें व नव्या विश्वासणाऱ्यांवर उतावीळपणें रागावूं नये.

या शांतीची कसोटी सन १८९६-९७ च्या दुष्काळांत लागली. मध्यप्रांतांतील उपासमारीच्या बातम्या येऊं लागल्या, तसें त्यांना आपलें बाळपण आठवून असह्य होई. हातीं पुरेसा पैसा नव्हता. त्यांनीं प्रार्थना केली, आणि भीति समूळ जाण्याची वाट न पाहतां त्या निघाल्या. सुमारें तीनशें मुली व बाया त्यांनीं आणिल्या. पुण्यास तेव्हां ग्रंथिज्वराची सांथ असल्यानें त्यांना तेथें ठेवतां येईना. म्हणून पुण्यापुढें केडगांव येथील शेतांत त्यांची सोय केली. तेंच मुक्तिसदन. सन १९०० पर्यंत तेथील मंडळी दीड हजारांच्या घरांत गेली.

इतक्या तोंडांस उद्यां काय घालावें, ही चिंता रात्रीं कोणास झोंपूं देईल? बाईंची रीत अशी होती कीं, गरज मोघम न ठेवतां नांव घेऊन देवापुढें मांडावी, आणि एकटीनें न मांडतां सर्वांनीं मिळून मांडावी. सन १९०५ च्या आरंभीं त्यांनीं रोजच्या प्रार्थनेसाठीं सुमारें सत्तर जणी जमविल्या. पुढें ती संख्या कितीतरी वाढली. ज्या पोरी उपाशी व भेदरलेल्या आल्या होत्या, त्याच आतां दुसऱ्यांसाठीं प्रार्थना करूं लागल्या.

प्रार्थनेनें त्यांचें दुःख टळलें असें मात्र नाहीं. कानांनीं त्यांना फार कमी ऐकूं येई. जुलै १९२१ मध्यें मनोरमा गेली. तीच पुढें काम संभाळणार होती. त्या वेळीं पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर बाईंच्या हातीं होतें. मूळ भाषा शिकून, खेड्यांतील बायांना समजेल असें सोपें मराठी त्यांत आणावें, म्हणून त्या कित्येक वर्षें खपल्या होत्या. लेकीला निरोप देऊन त्या पुन्हा त्याच कामास बसल्या व तें त्यांनीं पुरें केलें.

एप्रिल १९२२ मधील एके रात्रीं त्या नेहमींप्रमाणें निजल्या, आणि ५ तारखेस झोंपेंतच प्रभूकडे गेल्या.