भंडाऱ्यात हरले, पण मत कुजवू दिलं नाही

मोहाडी : १४ एप्रिल आला की गावोगावी मिरवणूक निघते, रात्री भाषणं होतात. भाषणात महाडचं तळं येतं, नाशिकचं काळाराम मंदिर येतं, नागपूरची दीक्षाभूमी येते. भंडारा मात्र क्वचितच येतो. हरल्याची गोष्ट सांगायला कुणाला आवडत नसावी. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ च्या भर उन्हाळ्यात याच जिल्ह्यात मतं मागत फिरले होते. लोकसभेची ती त्यांची शेवटची निवडणूक ठरली.

महू इथे १८९१ साली जन्मलेल्या भीमरावांचे वडील सैन्यात सुभेदार होते. तरी साताऱ्याच्या शाळेत पोराला बाकीच्या मुलांपासून वेगळं बसावं लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, बॅरिस्टरी, हे सगळं शाळेच्या पुस्तकातून आपल्याला माहीत आहे. महाडला २० मार्च १९२७ रोजी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेही माहीत आहे. त्यामानाने मताच्या हक्कासाठी ते किती वर्षं भांडले, हे कमी सांगितलं जातं.

इंग्रजांच्या काळात मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्याकडे जमीन, जो सारा किंवा कर भरतो, त्याला मत. मजुराला नाही, बटाईवाल्याला नाही. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांना मत मिळावं म्हणून साक्ष दिली. १९२८ ला सायमन कमिशनपुढे तर प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या, अशी मागणी मांडली. शेवटी राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले आणि घटनेच्या ३२६ व्या कलमात ते लिहिलं गेलं. वय २१ झालं की बाई असो, माणूस असो, मालगुजार असो की सालदार, मत एकच. (१८ वर्षांची अट नंतर १९८९ ला आली.)

आता गंमत बघा. ज्यांनी हे मत मिळवून दिलं, त्यांनाच ते पुरेसं मिळालं नाही. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना हरवलं. तिथे ७४ हजारांवर मतं बाद झाली होती. मतं मुद्दाम कुजवायला लावली, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि त्यांचे जोडीदार समाजवादी नेते अशोक मेहता निवडणूक आयोगाकडे गेले. अर्ज फेटाळला गेला.

मत कुजवणं म्हणजे काय, हे ग्रामपंचायत लढवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. प्रभागात तीन जागा, तीन मतं. उमेदवार हळूच सांगतो की मला एक दे, बाकीची कुणालाच देऊ नको. त्या काळी लोकसभेतही असे जोड मतदारसंघ होते, एक जागा राखीव आणि एक सर्वसाधारण. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरायची, दुसरी बाद.

भंडारा असाच जोड मतदारसंघ होता. तेव्हा जिल्हा मध्य प्रदेशात होता, गोंदिया आपल्यातच होता, आणि तहसिली तीनच होत्या : भंडारा, गोंदिया, साकोली. १९५२ ला इथून चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे निवडून आले. पण ती निवडणूकच सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी १९५४ मध्ये रद्द केली. त्यात एक मुद्दा मोठा होता. गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी भरलेला अर्ज, ते महानुभाव पंथात गेले म्हणून नाकारला गेला होता. कोर्टाने सांगितलं की पंथ बदलला तरी ते महारच राहिले, अर्ज नाकारणं चूक होतं. एका माणसाचा उभं राहण्याचा हक्क डावलला म्हणून अख्ख्या मतदारसंघाची निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. आपल्या जिल्ह्यातला हा निकाल देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत आहे, इथे तो किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

पोटनिवडणुकीत राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडून बाबासाहेब उभे राहिले, समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहता. बाबासाहेबांचं वय ६३, मधुमेहाने शरीर खचलेलं. तशात वैशाखाचं ऊन.

मोजणीचा नियम असा होता की राखीव उमेदवारांत ज्याला जास्त मतं तो राखीव जागेवर निवडून येणार. उरलेल्या सगळ्यांत, मग तो कुठल्याही जातीचा असो, ज्याला जास्त मतं त्याला दुसरी जागा. म्हणजे बोरकर पुढे गेले तरी बाबासाहेबांना दुसरी जागा मिळू शकत होती, फक्त त्यांची मतं मेहतांपेक्षाही जास्त हवी होती. (पुढे १९५७ ला आंध्रात पार्वतीपुरमला तसंच झालं. दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना गेल्या आणि नंतर राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले.)

हिशेब कार्यकर्त्यांना कळत होता. आपल्या लोकांनी दुसरं मत मेहतांना दिलं नाही, कुजवलं, तर साहेबांचं पारडं जड. त्यांच्या आठवणींतून आलेली हकीकत अशी की हा विचार बाबासाहेबांपुढे मांडला गेला आणि त्यांनी साफ नाकारला. दोन मतं घटनेने दिली आहेत तर दोन्ही टाका, मी हरलो तरी चालेल, असा त्यांचा निरोप होता.

लोकांनी तो पाळला. पलीकडून मात्र तेवढी परतफेड झाली नाही, असं बहुतेक जाणकार मानतात, आणि त्यामागे जात होती हे नाकारायला फारशी जागा नाही. बोरकर आठ हजारांच्या आसपास मतांनी पुढे गेले. दुसरी जागा मेहतांना मिळाली. मेहता लोकसभेत गेले, बाबासाहेब घरी.

ते राज्यसभेत होतेच, काम थांबलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं. जोड मतदारसंघ १९६१ ला कायद्याने बंद झाले. भंडाऱ्याच्या त्या राखीव जागेवर १९५५ ला पुन्हा पोटनिवडणूक लागली आणि अनसूयाबाई बोरकर निवडून आल्या, एक बाई, बायांनीही मत टाकलेल्या निवडणुकीतून.