फळीवरची जेनी लिंड

इंग्लंडमधल्या हिवाळ्यात संध्याकाळी घरातली सारी माणसे शेकोटीभोवती गोळा होत. भिंतीत बांधलेल्या त्या शेकोटीच्या वर एक अरुंद फळी असे. फळीच्या मधोमध घड्याळ आणि दोन्ही बाजूंना वीतभर किंवा त्याहून थोड्या उंच, चकाकत्या मातीच्या रंगीत बाहुल्या. एकोणिसाव्या शतकात या बाहुल्या मुख्यतः स्टॅफर्डशर परगण्यातल्या कुंभारगावांतून येत. राणी व्हिक्टोरिया, लढाईतले सेनापती, डिक टर्पिन दरोडेखोर, शेक्सपिअरचे रोमिओ-ज्युलिएट, स्टोबाईंच्या कादंबरीतले अंकल टॉम आणि छोटी इव्हा असे सगळे एकाच फळीवर गुण्यागोविंदाने नांदत! त्यांतच लाल गालांची, घेरदार झग्यातली एक खेडूत मुलगी दिसते. तिचे नाव जेनी लिंड.

खरे म्हणजे जेनी लिंड खेडूत मुलगी नव्हती. तो वेष मायरबेअरच्या ‘रॉबेअर ल दियाब्ल’ या ऑपेरातल्या अलिसचा. सैतानाच्या तावडीत सापडलेल्या नॉर्मंडीच्या सरदाराला वाचवणारी ही साधी, श्रद्धाळू मुलगी जेनीने रंगभूमीवर उभी केली. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तिने हा वेष कायमचा उतरवला. फळीवरच्या जेनीने मात्र तो आजतागायत उतरवलेला नाही!

जेनीचा जन्म ६ ऑक्टोबर १८२० रोजी स्टॉकहोम येथे झाला. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते. ते झाले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्या काळच्या समाजात असा जन्म म्हणजे कपाळावरचा डाग. आईचा स्वभाव कडक, घरात पैशांची ओढाताण, आणि मुलगी कधी परक्यांकडे तर कधी आजीकडे वाढलेली. नऊ वर्षांची असताना ती खिडकीत बसून आपल्या मांजराला गाणी म्हणून दाखवी. रस्त्याने जाणाऱ्या एका मोलकरणीने ते ऐकले. ही मोलकरीण राजाश्रयाच्या नाट्यगृहातल्या एका नर्तकीकडे कामाला होती. तिने जाऊन बाईंना सांगितले, आणि पोरगी नाट्यगृहाच्या शाळेत दाखल झाली. तेथील अधिकाऱ्यांनी तिच्या दिसण्याकडे पाहून आधी नाके मुरडली होती म्हणतात. गाणे ऐकल्यावर मात्र त्यांनी तिला सरकारी खर्चाने शिकवायचे ठरवले.

१८३८ साली वेबरच्या ‘फ्रायशुट्झ’मध्ये तिने पहिली मोठी भूमिका केली आणि दोन-तीन वर्षांत ती दरबारची गायिका झाली. पण अतिकामाने आणि चुकीच्या पद्धतीने गायल्याने तिचा आवाज फाटला. १८४१ साली ती पॅरिसला मान्युएल गार्सिया या नामांकित शिक्षकाकडे गेली. त्यांनी तिला काही काळ अजिबात न गाण्याची आज्ञा केली आणि मग अगदी पहिल्या स्वरापासून शिकवायला घेतले. वीस-एकवीस वर्षांची, आपल्या देशात गाजलेली मुलगी परक्या शहरात पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसली. तिच्या कीर्तीपेक्षा मला हीच गोष्ट मोठी वाटते. आमच्या वयाच्या कितीजणांना हे जमेल?

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. कोपनहेगनला हान्स अँडरसन तिच्यावर लुब्ध झाला. तिने त्याला भाऊ मानले. त्याच १८४३ सालची त्याची बुलबुलची प्रसिद्ध गोष्ट तिच्यावरून सुचली असे मानतात. त्या गोष्टीत बादशहाच्या दरबारी खरी बुलबुल आणि रत्नजडित यांत्रिक बुलबुल अशा दोघी असतात. बर्लिनमध्ये मायरबेअरने तिला पुढे आणले आणि मेंडेल्सनसारखा संगीतकार तिचा जिवाभावाचा स्नेही झाला.

४ मे १८४७ रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरात ती प्रथमच अलिस म्हणून उभी राहिली. स्वतः राणी व्हिक्टोरिया हजर होत्या. त्या रात्रीपासून लंडनला जेनीचे वेडच लागले. या यशाला एक कायदेशीर काटाही होता. ड्रुरी लेन नाट्यगृहाच्या आल्फ्रेड बन यांच्याशी तिने १८४५ मध्ये करार केला होता आणि तो पाळला नाही. बन यांनी दावा लावला आणि १८४८ मध्ये अडीच हजार पौंडांची भरपाई मिळवली. करारावर सही करताना शंभर वेळा विचार करावा, हा धडा ती त्यानंतर विसरली नाही.

तिच्या नावाचा बाजार सुरू झाला तो याच सुमारास. लीड्सच्या एका कारखान्याने १८४७ साली बांधलेल्या रेल्वे इंजिनाला तिचे नाव मिळाले. टोप्या, हातमोजे, पलंग, सूप यांनाही ‘जेनी लिंड’ म्हणू लागले. मग स्टॅफर्डशरचे कुंभार मागे कसे राहतील?

त्यांची रीत सोपी होती. सचित्र साप्ताहिकातले किंवा छापील गाण्यांच्या मुखपृष्ठावरचे चित्र मिळवायचे. त्यावरून मूळ मूर्ती करून तिचे दोन-तीन भागांचे प्लास्टरचे साचे काढायचे. साच्यात माती दाबायची, भाग पातळ मातीने सांधायचे, भट्टीत भाजायचे, वर काचेसारखा लेप आणि रंग द्यायचे, थोडा सोनेरी हात फिरवायचा. बाहुली भिंतीला लागून उभी राहणार म्हणून तिची पाठ सपाट ठेवायची आणि तिच्यावर फारसे रंगकाम करायचेच नाही. तेवढाच खर्च वाचला! या कामात लहान मुलेही राबत. १८४० नंतरच्या सरकारी चौकशीत कुंभारवाड्यातल्या मुलांच्या हालांची नोंद झाली आहे.

चेहरा हुबेहूब असण्याचा आग्रह कोणी धरत नसे. पुष्कळदा एकच मूर्ती नाव बदलून दुसऱ्याची म्हणून विकली जाई. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनच्या मूर्तीवर वॉशिंग्टनचे नाव घातलेले नमुने प्रसिद्धच आहेत. जेनी स्वतःला कुरूप समजे आणि आपल्या रुंद नाकाविषयी तिला फार वाटे. कुंभारांनी तिला इतर सगळ्या बाहुल्यांसारखेच गोंडस नाक दिले. कलेचा अभ्यास करणाऱ्यांना हे ओबडधोबड काम वाटेल. मला ते आवडते. ऑपेराचे तिकीट ज्यांना कधीच परवडले नसते त्यांच्या घरात जेनी पोचली ती या बाहुलीमुळेच.

ज्या जेनीला लोक असे घरात मांडत होते, तिला मात्र रंगभूमी नकोशी झाली होती. धर्मावर तिची गाढ श्रद्धा होती, नाट्यगृहातली झगमग आणि चढाओढ तिला सोसत नव्हती. १० मे १८४९ रोजी तिने अलिसचीच भूमिका शेवटची केली. पुढे ती आयुष्यभर मैफलीत गायली, पण ऑपेरात पाऊल ठेवले नाही. याच वर्षी क्लॉडियस हॅरिस या हिंदुस्थानातल्या फौजेच्या तरुण अधिकाऱ्याशी तिचे लग्न ठरून मोडले. रंगभूमीला पाप मानणाऱ्या त्याच्याशी तिचे पटले नाही आणि स्वतःच्या मिळकतीवरचा हक्कही तिला सोडायचा नव्हता. लग्नानंतर बायकोचा पैसा नवऱ्याचा, असा तेव्हा इंग्लंडचा कायदा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या धैर्याची कल्पना येते.

आता अमेरिका. हिशेब तपासून पाहण्याची आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना खोडच असते, म्हणून येथे जरा थांबतो. पी. टी. बार्नम हा न्यूयॉर्कचा खटपट्या तमाशाईक. त्याने जेनीचे गाणे एकदाही ऐकले नव्हते, तरी जानेवारी १८५० मध्ये करार झाला. १५० मैफली, दर मैफलीला हजार डॉलर, शिवाय संगीतकार बेनेडिक्टला २५,००० आणि गायक बेलेट्टीला १२,५००. एकूण १,८७,५०० डॉलर. ही सगळी रक्कम बार्नमने लंडनच्या पेढीत आगाऊ भरायची, तरच जेनी जहाजात पाय ठेवणार! बार्नमने मालमत्ता गहाण टाकली, उसनवारी केली आणि पैसे भरले.

मग त्याने अशी जाहिरात केली की सप्टेंबर १८५० मध्ये जहाज न्यूयॉर्कला लागले तेव्हा धक्क्यावर हजारो लोक लोटले. पहिल्या मैफलीच्या तिकिटांचा लिलाव झाला. पहिले तिकीट जेनिन नावाच्या टोपीवाल्याने २२५ डॉलरना घेतले आणि त्याचे नाव देशभर झाले. टोपीवाला शहाणाच म्हटला पाहिजे! पहिल्या रात्रीचा आपला दहा हजार डॉलरचा वाटा जेनीने न्यूयॉर्कच्या धर्मादाय संस्थांना देऊन टाकला.

पण स्वतःची अशी विक्री तिला फार दिवस सोसली नाही. जून १८५१ मध्ये तिने करार मुदतीआधी सोडला आणि त्यातल्या अटीनुसार ३२,००० डॉलर भरले. या खेपेस कोर्टात जावे लागले नाही. बार्नमने दिलेल्या हिशेबानुसार ९५ मैफलींचे उत्पन्न ७,१२,१६१ डॉलर. त्यातून जेनीला हाती आले १,७६,६७५ आणि खर्च वजा जाण्यापूर्वी बार्नमकडे राहिले ५,३५,४८६. तिने आपल्या पैशाचा मोठा भाग स्वीडनमधल्या मोफत शाळांसाठी दिला. इंजिन, पलंग आणि बाहुल्या यांच्या विक्रीचा एक छदामही कोणत्याच हिशेबात तिच्या नावे नाही. नाव किंवा चेहरा वापरल्याबद्दल मोबदला द्यावा, अशी रीतच तेव्हा नव्हती.

१८५२ साली बोस्टनला तिने आपल्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या ऑटो गोल्डश्मिट या पियानोवादकाशी लग्न केले. तीन मुले झाली. पुढे हे कुटुंब इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. मेंडेल्सनच्या स्मृतीसाठी तिने १८४८ मध्ये गाऊन उभारलेल्या निधीतून पहिली शिष्यवृत्ती १८५६ साली आर्थर सलिव्हन या मुलाला मिळाली, आणि तो पुढे मोठा संगीतकार झाला. नॉरिच शहरात तिच्या मैफलींच्या पैशातून मुलांचे रुग्णालय निघाले. उतारवयात ती लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्ये गायनाची प्राध्यापिका झाली. १८८३ साली तिने मॉल्व्हर्न येथे शेवटची जाहीर मैफल केली, ती रेल्वे नोकरांच्या मदतनिधीसाठी.

२ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉल्व्हर्नच्या टेकड्यांतल्या आपल्या घरी ती वारली. अमेरिकेतल्या मुलांनी भेट दिलेली तुकड्यांची गोधडी तिच्या इच्छेप्रमाणे तिच्याबरोबर पुरली. तिच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण उरलेले नाही. अलिसच्या वेषातल्या बाहुल्या अजून संग्राहकांच्या कपाटांतून सापडतात. वेस्टमिन्स्टर ॲबीत हँडेलच्या स्मारकाखाली १८९४ साली तिचे स्मारक बसवले. तेथल्या गोल शिल्पात तिचा एका बाजूने दिसणारा चेहरा आहे आणि त्यात वेष कोणत्याच भूमिकेचा नाही.